दुर्बिणीत अंतर दिसत नाही

मागच्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी नवा कॅमेरा घेऊन आला. म्हणाला, "सर, हिरकणीवाडीला चला. गडाचे फोटो खालूनच काढायचेत." रोपवेच्या खालच्या स्टेशनापासून थोडं बाजूला त्याने तिपाई लावली. तीनशे मिलिमीटरची लेन्स, आणि लेन्स व कॅमेरा यांच्या मध्ये बसवायचा एक छोटा नळकांड्यासारखा तुकडा. "हा टेलिकन्व्हर्टर, सर. टू-एक्स. तीनशेची सहाशे होते."

मी शिक्षक, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय राहवलं नाही. साडेसातशे मीटरवर उभा असलेला साडेपाच फुटी माणूस तीनशेच्या लेन्समधून कॅमेऱ्याच्या पडद्यावर जेमतेम पाऊण मिलिमीटर उंचीचा उमटतो. कन्व्हर्टर लावला की दीड मिलिमीटरच्या जवळ जातो. म्हणजे दुप्पट. पण फुकट नाही. तेवढाच उजेड आता चौपट क्षेत्रावर पसरतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी चौथा हिस्साच उरतो. एफ-४ची लेन्स एफ-८ची होते. १.४ पटीचा कन्व्हर्टर घेतला तर उजेड निम्म्यावर येतो. शिवाय लेन्समधले दोषही मोठे होतात, हात किंचित हलला तरी चित्र दुप्पट हलतं, आणि मधल्या हवेतलं धुकट तर कुठलीच काच पुसू शकत नाही. त्या सकाळी दरीत धुरकट होतं. त्याची लेन्स फोकससाठी पुढे-मागे चाचपडत राहिली.

ऊन चढल्यावर फोटो बरे आले. तो खूश होता. मी मात्र एका फोटोवर अडकलो. त्यात गडाचा कडा आणि मागची डोंगररांग एकमेकांना चिकटून, एकाच भिंतीसारखी दिसत होती. मधली दरी गायब! त्याने समजावलं की लांबून पाहिलं की असंच होतं. आपण फार दूर उभे असलो की जवळचा डोंगर आणि मागचा डोंगर यांच्यातलं अंतर आपल्या एकूण अंतरापुढे किरकोळ ठरतं. लांब लेन्स त्या दृश्याचा तेवढाच अरुंद तुकडा कापून मोठा करते, म्हणून ते डोळ्यात भरतं.

घरी परतताना हा मुद्दा डोक्यातून जाईना. कारण अगदी हीच चूक मी एकदा वर्गात केली होती, तीही कॅमेऱ्याशिवाय. ती सांगण्याआधी या काचेचा इतिहास थोडा पाहू.

'दुर्बीण' हा शब्द आपण इतका मराठी करून टाकला आहे की तो फारसी आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे पाहणारी. उर्दूत सूक्ष्मदर्शकाला खुर्दबीन म्हणतात, बारीक पाहणारी. या दोन्हींच्या मागे जो प्रश्न आहे, म्हणजे आपल्याला दिसतं कसं, त्याचा प्रयोगांनिशी विचार बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसमने अकराव्या शतकात कैरोत बसून केला. त्याचा 'किताब अल-मनाझिर' हा ग्रंथ लॅटिनमध्ये जाऊन युरोपभर अभ्यासला गेला. बारीक छिद्रातून येणाऱ्या ग्रहणकाळच्या सूर्याची प्रतिमा चंद्रकोरीसारखी का पडते, यावरही त्याने स्वतंत्र निबंध लिहिला.

आपल्या टेलिकन्व्हर्टरचा पूर्वज मात्र इंग्रज आहे. वुलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवणारे पीटर बार्लो यांच्या नावाने एक अंतर्गोल भिंग १८३३ पासून ओळखलं जातं. दुर्बिणीच्या मुख्य भिंगातून एकवटत येणाऱ्या किरणांना ते वाटेत किंचित पसरवतं. त्यामुळे ते उशिरा एकत्र येतात आणि प्रतिमा मोठी होते. पुढे १८९१ मध्ये लंडनच्या थॉमस डॅलमायरने आणि त्याच सुमारास जर्मनीत आणखी दोघांनी हीच युक्ती कॅमेऱ्यात आणली. पुढे बहिर्गोल, मागे अंतर्गोल. नळी आखूड, पण काम लांब नळीचं. टेलिफोटो लेन्स ती हीच.

आता प्रश्न असा की ही युक्ती हाताशी असताना कोणी चाळीस फुटांचा कॅमेरा कशाला बांधेल? पण बांधला, आणि तो आपल्या महाराष्ट्रात उभा राहिला.

२२ जानेवारी १८९८. त्या दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून देशावर आणि पुढे विदर्भाकडे सरकत गेली. मुंबई-पुण्यात प्लेगचे दिवस होते. तरीही देशोदेशीचे लोक आले. सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यातल्या जेऊर स्टेशनाजवळ कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनी तळ दिला. त्यांच्याजवळ पाच इंची भिंगाचा, चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा होता. इतका अजस्र कॅमेरा सूर्यामागे फिरवणं शक्यच नव्हतं. म्हणून भिंग उंचावर पक्कं बसवलं होतं आणि खाली काचेची प्लेटच सूर्याच्या गतीने सरकत होती. माझ्या विद्यार्थ्याच्या तीनशेच्या लेन्समध्ये सूर्य पावणेतीन मिलिमीटरचा पडतो. या कॅमेऱ्यात तो अकरा सेंटिमीटरहून मोठा पडत होता, आणि मध्ये जास्तीची एकही काच नव्हती. काच वाढली की थोडा उजेड आणि थोडी धारही जाते. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात काय गमवायचं आणि काय कमवायचं, याचा हिशेब त्यांनी महिनोन्‌महिने आधी केला होता.

जेऊरलाच आपले कावसजी दादाभाई नायगामवाला होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधले प्राध्यापक, आणि भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्रमुख. या ग्रहणावरचा त्यांचा अहवाल पुढे छापून निघाला. पुण्याच्या किती शाळांत आज त्यांचं नाव घेतलं जातं?

आणि त्याच दिवशी विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते. मेल्पोमीन या युद्धनौकेवरच्या खलाशांना हाताशी धरून, प्रिझम लावलेल्या कॅमेऱ्यांनी त्यांनी सूर्याचे वर्णपट टिपले. किल्ल्यावरचे चौथरे आजही 'साहेबाचे ओटे' म्हणून दाखवतात.

इथे माझी चूक येते. काही वर्षांपूर्वी १८ ऑगस्टला परिपाठात मी मुलांना ठणकावून सांगितलं होतं की १८६८ मध्ये याच दिवशी लॉकियरने विजयदुर्गावरून हेलियमचा शोध लावला. ऐकलेलं होतं, कोकणचा अभिमान होता, सांगून टाकलं. टाळ्याही मिळाल्या.

नंतर नीट वाचलं तेव्हा चित्र सुटं झालं. १८ ऑगस्ट १८६८चं ग्रहण खरं आहे, आणि ते भारतातूनच पाहिलं गेलं. फ्रान्सचे जान्सन गुंटूरला होते, लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला. लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये, ग्रहणाशिवायच, तिथूनच सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही हे ताडलं. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, लंडनमध्ये, विल्यम रॅमसे यांना. आणि लॉकियर विजयदुर्गाला आले ते त्यानंतर, १८९८ मध्ये.

म्हणजे तारीख खरी, माणूस खरा, किल्ला खरा, ओटेही खरे. खोटी होती ती फक्त त्यांची जवळीक. तीस वर्षांची दरी मी लांब लेन्सने पुसून टाकली होती. खोटं सांगायचा माझा इरादा नव्हता. फार दुरून पाहत होतो, एवढंच. पण मुलांच्या वहीत गेलेली चूक इरादा विचारत नाही.

अशी पुसलेली दरी पुढचं सगळं समजेनासं करते. रायगडचंच घ्या. या गडाची खरी तटबंदी म्हणजे भोवतालच्या दऱ्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून गडावर गोळे डागले, वाडे पेटले, आणि १० मे रोजी गड त्यांच्या ताब्यात गेला. तलवारीला जी दरी ओलांडता येत नव्हती ती उखळी तोफेने ओलांडली. ज्या फोटोत दरीच नाही, त्यावरून ही गोष्ट कळेल का? आणि ज्या हिरकणीच्या नावाने ही वाडी आहे, तिची लोककथा तरी कशावर उभी आहे? घरी तान्हं बाळ, दरवाजे बंद, आणि मधला कडा. सपाट फोटोत तो कडा नुसती रेघ होतो.

पुढच्या परिपाठात मी चूक कबूल केली. मग वर्गाच्या भिंतीवर दोरी बांधली, दर वर्षाला एक वीत. १८६८ची चिठ्ठी एका टोकाला लावली. मुलं मोजत मोजत १८९८ला पोहोचली तेव्हा दोरी एका भिंतीवर मावली नाही, कोपऱ्यातून वळवून दुसऱ्या भिंतीवर न्यावी लागली. एका मुलीने विचारलं, "सर, मग लॉकियर साहेब इतकी वर्षं काय करत होते?" टाळ्यांपेक्षा हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटला.

टेलिकन्व्हर्टर वाईट नाही. कड्यावरच्या पक्ष्याला न उठवता पाहायचं असेल तर त्याच्यासारखा सोबती नाही. फक्त काय दिलं आणि काय घेतलं, हे माहीत हवं. माझ्या विद्यार्थ्याला मी एवढंच सांगितलं की खालून काढलेला फोटो जपून ठेव, आणि एकदा पायऱ्यांनी वर जाऊन तीच दरी वरून पाहा. तो हसला. "सर, पायऱ्या खूप आहेत." मी म्हटलं, "म्हणूनच."