काडतुसातली चरबी आणि कॅनमधले ग्लिसरिन

छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादची छावणी खाम नदीच्या पश्चिमेला वसलेली आहे. १८५७ च्या जूनमध्ये येथील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात उठाव झाला. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, या शंकेने शिपाई बिथरले होते. पण त्या सालाचे नाव काढले की वर्गात पहिले उत्तर येते ते काडतुसाच्या चरबीचे. त्यापुढची गोष्ट आपण सहसा सांगत नाही. पन्नास वर्षांच्या आत चरबी काडतुसाच्या आतच जाऊन बसली. फक्त दिसत नव्हती.

.३०३ रायफलीच्या काडतुसात बंदुकीच्या काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट आले. सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरिन असे. ते ग्लिसरिनपासून बनते, आणि ग्लिसरिन मिळते तेला-चरबीतून. भारतात १९०४ पासून निलगिरीतील अरुवनकाडूला कॉर्डाइट बनू लागले. काडतुसे पुण्याजवळ खडकीला होत.

ग्लिसरिन प्रथम हाती लागले ते १७७९ मध्ये. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ऑलिव्हचे तेल मुरदाडशिंगाबरोबर, म्हणजे शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवले आणि त्याला एक गोड, दाट द्रव मिळाला. तेलाच्या रेणूत ग्लिसरिनला तीन मेदाम्ले जोडलेली असतात, हा उलगडा पुढे शेव्हरलच्या कामातून होत गेला. साबण करणाऱ्यांना मात्र त्या द्रवाचे काहीच अप्रूप नव्हते. साबण वर आला की खालचे खारे पाणी ग्लिसरिनसकट गटारात सोडून देत. १८४७ मध्ये सोब्रेरोने नायट्रोग्लिसरिन जाहीर केले, १८६७ मध्ये नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले, आणि त्या सांडपाण्याला भाव आला. पहिल्या महायुद्धात चरबीला मोताद झालेल्या जर्मनीने तर साखर आंबवून ग्लिसरिन काढले!

आता आपल्या विषयाचा खरा सांधा. बेल्जियमच्या शाव्हानने १९३७ मध्ये तेलापासून केलेल्या एस्टरांचे इंधन म्हणून पेटंट घेतले. आज आपण ज्याला बायोडिझेल म्हणतो, ते हेच. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत द्यू पाँ कंपनीच्या रसायनज्ञांनी जवळजवळ हीच क्रिया वेगळ्या हेतूने पेटंट केली. तेलात मिथेनॉल आणि थोडा अल्क घातला की पाण्यावाचून ग्लिसरिन तळाशी बसते. वरच्या एस्टरांचा साबण करावा, असा बेत होता. तेव्हा मोल होते ते तळच्या थराला. आज बायोडिझेल करणाऱ्याला वरचा थर हवा असतो आणि तळचा कुठे टाकावा ही विवंचना असते. १०० किलो तेलामागे सुमारे १० किलो ग्लिसरिन निघते. बायोडिझेलमुळे ते इतके झाले की पेट्रोलियमपासून ग्लिसरिन करणारा डाऊ कंपनीचा अमेरिकेतील कारखाना २००६ मध्ये बंद झाला.

करंज किंवा मोगली एरंडाच्या तेलावर शाळेत, शेतावर प्रयोग करणाऱ्यांच्या कॅनमध्ये शेवटी जे तपकिरी, चिकट रसायन उरते ते शुद्ध ग्लिसरिन नसते. त्यात मिथेनॉल, साबण आणि उरलेला अल्क असतो. मिथेनॉल ६५ अंश सेल्सियसला उकळते, त्याची वाफ विषारी असते आणि ज्योत उजेडात दिसत नाही. म्हणून हे मिश्रण उघड्या पातेल्यात उकळणे हा शुद्ध वेडेपणा आहे. मिथेनॉल बंद उपकरणात ऊर्ध्वपातनानेच काढावे लागते. मग आम्ल घातले की साबण फुटून मेदाम्ले वर तरंगतात. कॉस्टिक सोड्याऐवजी पोटॅश वापरले असेल, तर मिथेनॉल काढलेला उरलेला भाग थोडा थोडा करून कंपोस्टमध्ये जिरवता येतो. नाल्यात मात्र ओतू नये. ग्लिसरिन कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, आणि खामसारख्या आधीच दमलेल्या नदीला तो परवडणारा नाही.

आणि असले ग्लिसरिन औषधाला किंवा अंगाला लावायला कोणाला देऊ नये, विकू तर मुळीच नये. ही भीती पुस्तकी नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल निघाले. १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधखरेदीपासून तपासणीपर्यंतची ढिलाई उघडी केली. ते ग्लायकॉल काही बायोडिझेलमधून आलेले नव्हते. पण तेही दाट, रंगहीन आणि गोडच असते. शेलेला जी चव खूण वाटली ती येथे काहीच सांगत नाही, आणि नुसत्या डोळ्यांनी ओळखू म्हणाल तर तेही शक्य नाही.

आमच्या मते प्रयोगशाळेतल्या अशा कॅनवर 'ग्लिसरिन' एवढेच लिहिणे चूक आहे. 'कच्चे ग्लिसरिन, मिथेनॉलयुक्त, विषारी' असे ठळक लिहावे, खाली तारीख आणि वापरलेला अल्क नोंदवावा, आणि कॅन कुलपात ठेवावा.