एक पौंड ज्वारी

मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याची गादी झिजली आणि डॉक्टरांनी फिरायला जाणंही बंद केलं. वजन तेव्हा ८६ किलो होतं. ते उतरल्याशिवाय गुडघ्याला आराम नाही आणि गुडघा बरा झाल्याशिवाय व्यायाम नाही, असा पेच. उरला एकच मार्ग, तोंडावर ताबा. मी स्वयंपाकघरासाठी एक छोटा वजनकाटा आणला, दोनशे पानी वही घेतली आणि दिवसाला १५०० उष्मांकांच्या आत राहायचं ठरवलं. उष्मांक म्हणजे आपण सगळे ज्याला कॅलरी म्हणतो ते.

पहिल्याच आठवड्यात आई गावाहून आली. आमचं गाव साताऱ्याच्या माण तालुक्यातलं. मी काट्यावर भाकरी ठेवलेली बघून ती थबकली.

“आरं, सोनं हाय का ते, तोलून खायला?”

मी तिला वजनाचं, गुडघ्याचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “भात्तरच्या दुष्काळात मुकादम सुकडी मापून द्यायचा. आमी बी असंच बगत बसायचो मापाकडं.”

१९७२च्या दुष्काळात आई खडी फोडायला जात होती. मी तेव्हा सहा वर्षांचा. ती पदरात बांधून आणायची त्या सुकडीची गोडसर चव अजून जिभेवर आहे. पण खाणं मापणं आणि भूक यांचा काही संबंध असेल, असं मला इतिहास शिकवण्यात उभी हयात घालवूनही कधी सुचलं नव्हतं. आईच्या त्या वाक्यामुळे मी या आकड्याचा माग काढायला बसलो.

सुरुवात फ्रान्समध्ये होते. १७८२-८३च्या हिवाळ्यात लावाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजलं. श्वासोच्छ्वास हेही एक प्रकारचं मंद ज्वलनच आहे, हा त्यांचा निष्कर्ष. प्राण्याचं अंग म्हणजे चूल आणि अन्न म्हणजे सरपण, ही कल्पना तिथे पक्की झाली.

ती बाजारहाटापर्यंत नेली अमेरिकेतल्या विल्बर अ‍ॅटवॉटर या रसायनशास्त्रज्ञाने. १८९०च्या दशकात त्याने कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात माणूस आत राहू शकेल अशी एक बंद खोली उभारली. आतल्या माणसाने काय खाल्लं, किती उष्णता सोडली, निजलेला असताना किती आणि सायकलचं चाक फिरवताना किती, हे सगळं दिवसचे दिवस मोजलं. प्रथिनं आणि पिष्टमय पदार्थ यांच्या एका ग्रॅममागे ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममागे ९ उष्मांक, हे आजही बिस्किटाच्या पुड्यामागे वापरले जाणारे गुणक त्याच्याच कामातून आले. अ‍ॅटवॉटरला चिंता जाड माणसांची नव्हती. कारखान्यातल्या मजुराने आपल्या तुटपुंज्या पगारात जास्तीत जास्त बळ देणारं अन्न कसं विकत घ्यावं, हा त्याचा प्रश्न होता. म्हणजे हा आकडा जन्मला तो गरिबाचं पोट स्वस्तात भरावं म्हणून.

तो उलटा फिरला १९१८ साली. लुलू हंट पीटर्स या कॅलिफोर्नियातल्या डॉक्टर बाईंनी आहारावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यांचं स्वतःचं वजन एकेकाळी २२० पौंड, म्हणजे जवळजवळ १०० किलो होतं आणि त्यांनी त्यातले ७० पौंड उतरवले होते. पोळी-भाजीचा विचार सोडा आणि उष्मांकांचा विचार करा, असा त्यांचा सांगावा. कुठल्या पदार्थाच्या केवढ्या तुकड्यात १०० उष्मांक असतात त्याच्या याद्या त्यांनी दिल्या आणि वजन उतरवण्यासाठी दिवसाला १२०० ही मर्यादा सांगितली. महायुद्धाचा काळ होता, युरोपात अन्नाची टंचाई होती, त्यामुळे कमी खाणं हे देशकार्यही ठरलं. पुस्तक पुढे कित्येक वर्षं धडाक्याने खपलं. माझी दोनशे पानी वही ही या बाईंचीच वंशज.

आपल्याकडे हे शास्त्र आलं ते मात्र पुन्हा भुकेच्या वाटेने. निलगिरीतल्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांनी भारतीय धान्यं, डाळी, भाज्या यांच्या पोषणमूल्यांची कोष्टकं तयार केली, ती १९३७ साली छापली गेली. हेच एक्रॉइड पुढे बंगालच्या दुष्काळाची चौकशी करणाऱ्या आयोगावर होते. कुन्नूरची ती संस्था नंतर हैदराबादला गेली आणि तिची कोष्टकं वाढत वाढत आजवर आली. त्यांतल्या जुन्या कोष्टकात ज्वारीपुढे १०० ग्रॅमला ३४९ उष्मांक असा आकडा आहे. माझ्या वहीत भाकरीसमोर मी तोच लिहीत होतो.

हा आकडा हाताशी असताना मी १८७६-७८च्या दुष्काळाकडे वळलो. आमच्या वर्गात तो धडा मी कित्येकदा शिकवला आहे. सर रिचर्ड टेंपलच्या नावाने ओळखली जाणारी दुष्काळी मजुरी म्हणजे गड्याला रोज एक पौंड धान्य आणि वर मीठमिरचीपुरते सुटे पैसे. जानेवारी १८७७मध्ये मजुरी कमी झाल्यावर मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. मद्रासेत डॉ. कॉर्निश यांनी या मापावर मजूर जगणार नाहीत असं बजावलं. वर्गात सांगताना ‘एक पौंड’ हे माझ्यासाठी नुसते दोन शब्द होते. आता मी वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. ज्वारी धरली तर १५८४ उष्मांक.

मी स्वतःला घालून दिलेली मर्यादा १५००.

सुट्या पैशांत मजुराला थोडी डाळ मिळत असेल, असं धरलं तरी फरक फार पडत नाही. टेंपलचा मजूर आणि मी जवळपास एकाच मापावर होतो. तो दिवसभर माती वाहत होता, खडी फोडत होता आणि मी गुडघ्याखाली उशी घेऊन खुर्चीत बसून वाचत होतो. व्यायाम न करता नुसतं मोजून खाल्लं तरी वजन उतरतं, ते खरंच आहे. तासभर चालून जेमतेम एका भाकरीएवढे उष्मांक जळतात. ती भाकरी न खाण्याला गुडघा लागत नाही. पण हे मला परवडत होतं, कारण माझ्याकडून कोणी काम घेत नव्हतं आणि डब्यात पीठ होतं.

या मापावर अंगमेहनत केली तर काय होतं, तेही मोजलं गेलं आहे. १९४४-४५मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. रोजचे सुमारे १६०० उष्मांक आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. त्यांचं वजन जवळजवळ चौथाईने घटलं. ते चिडखोर झाले, उदास झाले, ताटं चाटू लागले, पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. आणि स्वस्थ पडल्यापडल्या शरीराला लागणारी ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. सरपण कमी पडलं तशी चुलीनेच आपली आच मंद केली होती.

माझ्या वहीतही हे दिसलं. दिवसाला साधारण २००० लागतात आणि १५०० खातो, म्हणजे ५०० वाचतात. एक किलो उतरायला ७७०० लागतात असा ढोबळ हिशेब आहे. अकरा महिन्यांत २१ किलो उतरायला हवे होते. उतरले १२. काही घोटाळा माझा असणार. फोडणीचं तेल मी अंदाजाने धरत होतो आणि चव बघण्याचे घास लिहीत नव्हतो. हलक्या झालेल्या शरीराला कमी लागतं, हेही खरं. आणि थोडी आच शरीराने मंद केली असेल.

नेमका हाच मुद्दा पुण्यात एका मोठ्या वादाच्या मुळाशी होता. १९७१ साली गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी २२५० उष्मांक मिळवून देईल एवढा खर्च ज्यांना झेपत नाही ते गरीब, अशी कसोटी त्यांनी लावली. १९६०-६१मध्ये ग्रामीण भागात सुमारे ४० आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली निघाले. त्यावर पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली. सुखात्मे आमच्या शेजारच्या खटाव तालुक्यातल्या बुधचे, जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ, रोमच्या अन्न व कृषी संघटनेत काम करून पुण्यात परतलेले. त्यांचं म्हणणं, माणसाची गरज हा एक ठरलेला आकडा नाही. एकाच माणसाची गरज आठवड्यागणिक खालीवर होते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी धरता येत नाही.

माझी वही सुखात्म्यांच्या बाजूने साक्ष देते. शरीर जुळवून घेतं. पण वाद वाचताना मी दांडेकरांच्या बाजूला सरकत गेलो. त्यांचा रोख शरीराच्या सरासरीपेक्षा, पुरेसं अन्न घ्यायला हातात पैसे आहेत की नाहीत, यावर होता. शरीर जुळवून घेतं ते कशाच्या मोबदल्यात, हे कीजच्या तरुणांनी दाखवलं आहे. त्यांच्यासाठी प्रयोग संपण्याची तारीख ठरलेली होती.

दसऱ्याला आई पुन्हा आली. वजन ७४ झालं होतं, गुडघाही बराच सैल झाला होता. मी तिला हे सगळं वाचून दाखवलं. उष्मांकांचं तिने सोडून दिलं, पण एक पौंड म्हणजे किती ते विचारलं.

“चार-पाच भाकरी होतील,” मी म्हणालो.

तिने मनाशी हिशेब केला. “आन् घरच्या म्हातारीला? पोरांना?” तिने विचारलं. “दिवसभर राबून आणलेलं कुणी एकटं खातं व्हय?”

बहात्तर साली ती पदरात बांधून आणायची ती सुकडी तिच्या वाटणीची होती. तेव्हा तिने स्वतः किती खाल्लं, हे मी तिला आजवर विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. तिला आठवत नव्हतं.