विंडोजवरून लिनक्सवर जाताना ब्राउझरच्या सेटिंग्ज कशा टिकवाव्यात?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या संगणकासाठी लिनक्स हा एक पर्याय आहे. मात्र हार्ड डिस्क फॉरमॅट केली की ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्डही जातात, म्हणून ते आधी बाहेर काढावे लागतात.

फायरफॉक्समध्ये हे काम सोपे आहे. बुकमार्क, हिस्टरी, पासवर्ड, सेटिंग्ज हे सारे ‘प्रोफाइल’ नावाच्या एका फोल्डरमध्ये असते आणि तो लिनक्सवरही चालतो. स्पेलिंग तपासणीत आपण भर घातलेले रामवाडी, रोहा असे शब्दसुद्धा त्यातच असतात. हेल्प मेनूतील ट्रबलशूटिंगच्या पानावरून हा फोल्डर सापडतो. फायरफॉक्स पूर्ण बंद करून तो पेन ड्राइव्हवर घ्यावा आणि त्यातील फाइली लिनक्सवरच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये टाकाव्यात. तिथला फायरफॉक्स जुन्या आवृत्तीचा असेल, तर तो हे प्रोफाइल उघडत नाही. डाउनलोडचे ठिकाण मात्र पुन्हा निवडावे लागते.

पासवर्ड एका फाइलीत आणि त्यांची किल्ली दुसऱ्या फाइलीत असते, दोन्ही लागतात. प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल, तर ज्याच्या हाती तो पेन ड्राइव्ह पडेल त्याला सगळे पासवर्ड दिसू शकतात. लिनक्स दुकानातून टाकून घेणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

क्रोमचे पासवर्ड विंडोजमधील वापरकर्त्याच्या खात्याशी बांधलेले असल्याने नुसता फोल्डर नेऊन भागत नाही. तिथे गूगल खात्याचे सिंक वापरावे, किंवा पासवर्ड सीएसव्ही फाइलीत काढावेत. ही फाइल कोणालाही वाचता येते. काम झाल्यावर ती लगेच पुसावी.