बेसबॉलचे नियम आणि प्रेक्षकांचा रोष

१९७३ सालच्या ६ एप्रिल रोजीं बॉस्टन शहरांत न्यूयॉर्क यांकीज संघाचा रॉन ब्लूमबर्ग फळी घेऊन उभा राहिला, तेव्हां अमेरिकेच्या बेसबॉल-खेळांतील एक जुनी परंपरा मोडली. क्षेत्ररक्षण त्याजकडे नव्हतेंच. चेंडू टाकणारा जो पिचर, त्याच्याऐवजीं केवळ फटके मारावे एवढेंच त्याचें काम. गंमत अशी कीं, त्या पहिल्या खेपेस त्यास फटका मारावा लागलाच नाहीं. चार चेंडू वाईट पडले व तो आयताच पहिल्या बेसवर गेला! अमेरिकन लीगनें हा नियम स्वीकारला, नॅशनल लीगनें नाकारला, आणि एकाच खेळाचे दोन पंथ जवळजवळ अर्धशतक शेजारीं नांदले. मैदानांत उतरणाऱ्यानें फळीही धरलीच पाहिजे, ही जुन्या रसिकांची निष्ठा. २०२२ सालीं नॅशनल लीगनेंही तो नियम कायमचा पत्करला, तेव्हां त्यांपैकीं अनेकांस घरचाच माणूस फितूर झाल्यासारखें वाटलें.

परंतु ज्या सनातन खेळाच्या नांवानें हा शोक चालतो, तो होता तरी केव्हां? प्रारंभीं एक टप्पा पडलेला चेंडू झेलला तरी गडी बाद होई. निकरबॉकर क्लबास हें पोरकट वाटे. १८५७ सालीं स्थापन झालेल्या खेळाडूंच्या संघांत या प्रश्नावर अनेक वर्षें खल झाला, व १८६५ च्या हंगामापासून टप्पा पडलेल्या चेंडूच्या झेलाची ती सवलत गेली. पुढें कांहीं वर्षें चेंडू उंच हवा कीं खालीं, हें फळीवाला स्वतः सांगूं शके. १८८७ सालीं तेंही गेलें. पिचरचें आजचें ६० फूट ६ इंचांचें अंतर १८९३ पासूनचें. प्रत्येक पिढीचा सनातन धर्म म्हणजे बहुधा तिच्या बालपणींचें नियमपुस्तक, असें मला वाटतें.

तरीही सर्वच रोष भाबडा म्हणतां येत नाहीं. १९६८ सालीं पिचरांचें वर्चस्व इतकें वाढलें कीं, बॉब गिब्सननें नऊ डावांमागें सरासरी अवघ्या १·१२ धावा दिल्या. लगेच पुढल्या वर्षीं पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला. तेथें पारडें समतोल करणें एवढाच हेतु होता. २०२० पासून मात्र दहाव्या डावाच्या आरंभींच दुसऱ्या बेसवर एक धावपटु फुकट उभा केला जातो. जें स्थान घाम गाळून मिळवावयाचें, तें दान म्हणून द्यावयाचें! प्लेऑफच्या सामन्यांस मात्र हा नियम लागू नाहीं. यांतच त्याच्या कर्त्यांचें मन उघड होतें.

२०२३ सालीं पिचरवर घड्याळ बसलें. नऊ डावांच्या सामन्याचा सरासरी काळ ३ तास ४ मिनिटांवरून सुमारें २ तास ४० मिनिटांवर आला, आणि त्या हंगामांत प्रेक्षकसंख्या सात कोटींच्या वर गेली. मालकांस हें उत्तर पुरेसें वाटतें. मला वाटत नाहीं. कारण प्रश्न मिनिटांचा नसून अधिकाराचा आहे. १८५७ च्या सभेंत क्लबांचे प्रतिनिधि स्वतःच्या खेळावर मत देत. २०२२ च्या अकरा जणांच्या समितींत मालकपक्षाचे सहा प्रतिनिधि, चार खेळाडू व एक पंच. घड्याळाविरुद्ध चारही खेळाडूंनीं मत दिलें, आणि घड्याळ आलें. बेसचा आकार १५ इंचांवरून १८ इंच करण्याची सूचना मात्र त्यांसही मान्य झाली, व तिच्याविरुद्ध फारशी ओरड झाली नाहीं.