दिवाणखान्यातला नाच

पडद्यावर तळापासून वर सरकत जाणारे बाण, माथ्यावर त्यांची वाट पाहणाऱ्या चार स्थिर खुणा आणि बाण खुणेला भिडेल त्या क्षणी जमिनीवरच्या तशाच बाणावर पडणारा पाय: ताल-नृत्याच्या व्हिडिओ गेमची मांडणी एवढीच. ती जगभर पोचवली ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ने. कोनामी या जपानी कंपनीने 1998 मध्ये हे यंत्र गेम सेंटरांत आणले आणि पुढच्याच वर्षी ते घरात शिरले. घरात आल्यावर या खेळाला काय मिळाले आणि त्याने काय गमावले, यातच त्याचा पुढचा इतिहास आहे.

पायाने खेळायची चटई मात्र त्याआधीची. बँडाई कंपनीने 1986 मध्ये जपानमध्ये निन्टेंडोच्या यंत्रासाठी ‘फॅमिली ट्रेनर’ विकायला काढली. अमेरिकेत ती पुढे ‘पॉवर पॅड’ म्हणून गेली. धावणे, उड्या मारणे, एरोबिक्स असे खेळ तिच्यावर चालत. चटईला फक्त दाब कळे, तो कुणाचा आणि कशाचा हे कळत नसे. त्यामुळे शर्यत जिंकायची तर धावण्यापेक्षा गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी चटई बडवणे सोपे, हे पोरांनी लगेच हेरले. ही खोड नंतरच्या पिढ्यांतही पूर्णपणे गेली नाही. तालाची बाजू वेगळ्या वाटेने आली. 1996 चा ‘पराप्पा द रॅपर’ आणि 1997 चा कोनामीचाच ‘बीटमॅनिया’ यांनी गाण्याच्या ठेक्यावर बटणे दाबायची सवय लावली होती. 1998 मध्ये बटणांची जागा पायांनी घेतली.

गेम सेंटरमधले यंत्र ज्या इलेक्ट्रॉनिक सांगाड्यावर चाले, तो मुळात सोनीच्या प्लेस्टेशनवर बेतलेला होता. म्हणून खेळ घरच्या कन्सोलवर उतरवणे सोपे गेले, आणि एप्रिल 1999 मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशनची आवृत्ती आली. दोन्हींचे नाते इतके घट्ट होते की काही यंत्रांना प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डासाठी खाच ठेवलेली असे. घरी स्वतः रचलेली पावले कार्डात भरायची आणि गेम सेंटरच्या यंत्रावर सगळ्यांदेखत नाचून दाखवायची, अशी सोय त्यात होती.

घरगुती आवृत्तीचे बळ होते सरावात. गेम सेंटरमध्ये दर डावाला नाणे पडे, मागे रांग असे आणि चुकांनी घटत जाणारी पडद्यावरची मापक पट्टी रिकामी झाली की गाणे अर्ध्यात तुटे. घरी एखादा अडलेला तुकडा निवडून, वेग कमी करून, पुन्हा पुन्हा घोटता येई. तबला शिकणारा कायदा आधी ठाय लयीत पक्का करतो, तीच ही रीत. शिवाय लाजाळू माणसाला बघ्यांचा जाच नसे, हा फायदा कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठा. व्यायामाच्या पर्यायात स्वतःचे वजन भरले की खर्च झालेल्या कॅलरींचा अंदाज पडद्यावर येई. अर्थात तो अंदाजच. पाय हलकेच टेकला की जीव तोडून आपटला, यातला फरक चटईला कळत नसे.

दुबळी बाजू पायाखालीच होती. गेम सेंटरचा मंच लोखंडी, जागेवर घट्ट बसवलेला आणि मागे धरायला दांडी असलेला. घरची चटई म्हणजे प्लास्टिकच्या घडीत विद्युतवाहक थर आणि मध्ये पातळ फोम. पाय पडला की थर एकमेकांना टेकतात आणि कन्सोलला बटण दाबल्याचा इशारा जातो. गुळगुळीत फरशीवर ती उडीगणिक सरकते. नजर पडद्यावर असल्याने खेळणाऱ्याला ते कळत नाही आणि बरोबर टाकलेले पाऊल बाणाबाहेर पडते. रोजच्या मारामुळे थर झिजतात. मग एखादा बाण मुका होतो, नाहीतर न दाबताच दबून राहतो. हट्टी खेळाडूंनी चटई प्लायवूडच्या फळीवर ठोकून बसवली. रेडऑक्टेनसारख्या कंपन्यांनी जाड फोमच्या चटया काढल्या, काहींनी धातूचे मंच घरपोच विकले. त्यांचा दणदणाट खालच्या मजल्यावर पोचे. जपानच्या लाकडी घरांत तर साधी चटईसुद्धा शेजाऱ्यांच्या सहनशक्तीचा विषय होती.

खेळाची पारख काटेकोर, पण एकांगी होती. ‘परफेक्ट’ आणि ‘ग्रेट’ यांच्यात सेकंदाच्या काही शतांशांचेच अंतर. पण हात, कंबर, मान काय करतात याची त्याला दाद नाही. देखण्या नाचाला आणि नुसत्या टाचा ठोकण्याला गुण सारखेच पडत. गाण्यांचा साठाही तबकडीवर मावेल तेवढाच. तो संपला की नवी तबकडी विकत घ्यायची.

तरीही मुलांना हलवण्याचे साधन म्हणून त्याची दखल घेतली गेली. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने 2006 मध्ये आपल्या सर्व 765 सरकारी शाळांत हा खेळ शारीरिक शिक्षणासाठी आणायची योजना जाहीर केली. चेंडूच्या खेळात शेवटी निवडली जाणारी मुलेही यात आपापल्या पातळीवर खेळू शकत, हे त्यामागचे पटण्याजोगे कारण होते.

याच सुमारास घराघरांतले टीव्ही बदलले. जुना काचेचा टीव्ही चित्र जवळजवळ तत्काळ दाखवी. सपाट टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो आणि क्षणभर मागे पडतो. सिनेमा पाहताना हे जाणवत नाही, शतांशांवर गुण देणाऱ्या खेळात मात्र बिघाड होतो. त्यामुळे चित्र आणि आवाज जुळवून घ्यायची सोय गेममध्येच द्यावी लागली.

चटईचा त्रास टाळणारी पहिली मोठी वाट युबिसॉफ्टच्या ‘जस्ट डान्स’ने 2009 मध्ये काढली. वी कन्सोलचा रिमोट उजव्या हातात धरायचा आणि पडद्यावरच्या नर्तकाची आरशासारखी नक्कल करायची. काही अंथरायला नको, आजीपासून नातवापर्यंत कुणीही उभे राहावे. पुढे 2012 च्या चौथ्या भागात पंजाबी एमसीचे ‘मुंडियां तो बच के’ही आले. पण रिमोटला हाताचीच हालचाल कळते, त्यामुळे सोफ्यावर बसून नुसते मनगट फिरवूनही बरेच गुण मिळत. हार्मोनिक्सच्या ‘डान्स सेंट्रल’ने 2010 मध्ये किनेक्ट कॅमेऱ्याच्या जोरावर हे भोक बुजवले. जो अवयव चुके तो पडद्यावरच्या नर्तकाच्या अंगावर लाल होई. नाच शिकवण्यात या घराण्यातला सर्वांत खरा खेळ हाच. फक्त कॅमेऱ्यासमोर सुमारे 6 फूट मोकळी जागा हवी. मुंबईच्या वन-बीएचकेत टीपॉय हलवल्याशिवाय ती मिळणे कठीण. किनेक्टचे उत्पादन 2017 मध्ये थांबले आणि तो खेळही मागे पडला.

‘जस्ट डान्स’ टिकला. 2014 पासून त्याची एक आवृत्ती रिमोटऐवजी हातातल्या स्मार्टफोनवर चालते. बाणांचा खेळ घरात उरला तो मुख्यतः जाणत्यांपुरता: संगणकावर ‘स्टेपमॅनिया’ हा मोफत प्रोग्राम आणि खाली धातूचा जड मंच.