अंतेवासी ते स्वतंत्र कारागीर : शिल्प, श्रेणी आणि भांडवल

महाराष्ट्रातील बौद्ध लेण्यांचा विचार करताना आपले लक्ष सामान्यतः दान देणाऱ्या राजांकडे, श्रेष्ठींकडे आणि तेथे वर्षावास करणाऱ्या भिक्खुसंघाकडे जाते. ज्या हातांनी पाषाण कोरला, ते हात कोणाचे होते, ते कोठे शिकले आणि शिकून झाल्यावर त्यांनी आपली उपजीविका कशी उभी केली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात शिलालेख आणि पाली वाङ्मय यांच्या आधारे या प्रश्नाचा थोडक्यात परामर्श घ्यावयाचा आहे. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) परिसरातील आपल्या तरुणांच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा आहे, हे पुढे दिसून येईल.

पाषाणावरील दोन नावे

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील पितळखोरे येथील लेणी इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास कोरण्यास प्रारंभ झाला. तेथे सापडलेली एक यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावरील छोट्या लेखात ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचे नमूद आहे. सोन्याचे काम करणाऱ्याने दगडातील मूर्ती घडवावी, ही बाब अर्थपूर्ण आहे. सांचीच्या स्तूपावरील काही कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केल्याचे तेथील लेखावरून कळते. म्हणजे एका माध्यमात कमावलेले कौशल्य दुसऱ्या माध्यमात नेऊन नवे काम स्वीकारण्याचे धाडस त्या काळचा कारागीर करीत होता.

दुसरे नाव रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यात आढळते. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागातील भग्न मूर्तीजवळच्या लेखानुसार ते काम ‘कण्हाचा अंतेवासी बलक’ याने केले. मथुरेजवळील पारखमच्या प्रसिद्ध यक्षमूर्तीवरही कुणिकाचा अंतेवासी गोमितक असाच निर्देश आहे. अंतेवासी म्हणजे आचार्याच्या सन्निध राहून विद्या किंवा शिल्प शिकणारा. आजच्या भाषेत उमेदवारी करणारा. पितळखोऱ्याचा कण्हदास आणि कोंडाण्याचा कण्ह यांच्या नावांत साम्य असले, तरी केवळ तेवढ्यावरून ते एकच होते असे म्हणता येत नाही.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, बलकाने आपले काम स्वतःच्या नावाने जाहीर केले. म्हणजे तो आता निनावी मदतनीस उरला नव्हता. त्याच वेळी त्याने आपली ओळख सांगताना पित्याचे नाव किंवा कुळ न सांगता गुरूचे नाव सांगितले. याच काळात कुळ सांगणारेही होते. पितळखोऱ्याच्याच एका स्तंभावर पैठणच्या मितदेवाने आपण गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या कुळातील असल्याचे कोरविले आहे. तेव्हा जन्माने येणारा व्यवसाय आणि शिकून मिळविलेले शिल्प या दोन्ही वाटा शेजारी शेजारी होत्या, एवढे निश्चित म्हणता येईल.

उमेदवारीचे नियम

नारदस्मृतीत अंतेवासीसंबंधी सविस्तर नियम आहेत. उमेदवारीची मुदत आधी ठरवावी. आचार्याने शिष्याला घरी ठेवून अन्न द्यावे, पुत्राप्रमाणे वागवावे आणि शिकवणीव्यतिरिक्त दुसऱ्या कामाला जुंपू नये. शिष्य लवकर तयार झाला तरी ठरलेली मुदत पूर्ण करावी आणि त्या काळातील कामाचे फळ आचार्याचे समजावे. मुदत संपल्यावर आचार्याचा यथाशक्ती सन्मान करून, अनुज्ञा घेऊन त्याने निघावे. हा व्यवहार न्याय्य वाटतो. तथापि तेथे शिष्य ‘स्वतःचे’ शिल्प शिकू इच्छिणारा आहे, आणि त्याला नातलगांची संमती लागते. म्हणजे कोणी काय शिकावे, हे बहुधा जन्मानेच ठरलेले आहे.

पाली वाङ्मयात वेगळे चित्र दिसते. सिगालोवाद सुत्तात आचार्याच्या कर्तव्यांची गणना करताना भगवान बुद्धांनी पाच गोष्टी सांगितल्या : शिष्याला उत्तम वळण लावणे, त्याला नीट ग्रहण होईल असे शिकविणे, सर्व शिल्प निःशेष देणे, मित्र व सहकाऱ्यांत त्याची ओळख करून देणे आणि सर्व दिशांत त्याच्या रक्षणाची तरतूद करणे. यांपैकी चौथे आणि पाचवे कर्तव्य शिक्षण संपल्यानंतरचे आहे. आचार्याची जबाबदारी विद्या दिल्याने संपत नाही. शिष्याला बाजारात उभे करणे हाही तिचाच भाग होय.

जीवकाची पहिली कमाई

या प्रवासाचे सर्वांत जिवंत चित्र विनयपिटकाच्या महावग्गात आढळते. जीवक हा राजगृहाच्या गणिकेचा टाकून दिलेला पुत्र. राजपुत्र अभयाने त्याला वाढविले. जाणता झाल्यावर, अंगी शिल्प असल्यावाचून राजकुळात निभाव लागणार नाही, हे ओळखून तो तक्षशिलेस गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला. जन्माने त्याला कोणतेही ‘स्वतःचे’ शिल्प दिलेले नव्हते, हे येथे ध्यानात ठेवावे.

त्याची परीक्षा प्रसिद्ध आहे. तक्षशिलेभोवती एक योजन हिंडून औषधी नसलेली वनस्पती आणण्यास आचार्यांनी सांगितले, आणि तशी एकही सापडली नाही असे सांगत जीवक परतला. एवढे ज्ञान उपजीविकेस पुरेसे आहे, असे म्हणून आचार्यांनी त्याला थोडी शिदोरी देऊन निरोप दिला. ती साकेत येथे संपली. पुढे वाळवंटी, निर्जळ वाट होती. तेथे एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे मस्तकशूळाने पीडित होती. नामांकित वैद्यांनी पुष्कळ धन घेऊनही गुण आला नव्हता. मग या पोरसवदा वैद्यावर तिने विश्वास का ठेवावा? जीवकाने सांगितले की, आधी काहीच देऊ नका. बरे वाटले तर इच्छेप्रमाणे द्या. नव्या व्यावसायिकाजवळ नाव नसते, तेव्हा जोखीम त्याला स्वतःच्या शिरावर घ्यावी लागते.

औषधी तूप नाकावाटे दिल्यावर तोंडातून आलेले तूप त्या गृहिणीने दासीकरवी कापसाने टिपून घेतले. एवढी कृपण स्त्री आपल्याला काय देणार, अशी जीवकाला शंका आली. पण हे तूप दिव्याला किंवा पाय चोळायला उपयोगी पडेल, तुमचे देणे बुडणार नाही, असे तिने हसून सांगितले. ती बरी झाली आणि कुटुंबाने मिळून जीवकाला १६,००० कार्षापण दिले. ही पहिली कमाई त्याने आपल्या पालनपोषणाचे ऋण म्हणून अभयापुढे ठेवली. अभयाने ती घेतली नाही.

श्रेणी आणि भांडवल

सर्वांनाच साकेतची श्रेष्ठीपत्नी भेटत नाही. सामान्य कारागिराला आधार होता तो श्रेणीचा. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात ३,००० कार्षापणांच्या कायम ठेवीची नोंद आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने, तर दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने ठेवले होते. पहिल्या ठेवीचे वर्षाचे २४० कार्षापण व्याज वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंच्या चीवरांसाठी, प्रत्येकी १२ याप्रमाणे होते. मुद्दल परत मागावयाचे नव्हते. म्हणजे संघाला वस्त्र मिळत होते आणि विणकरांच्या हाती कायमचे खेळते भांडवल राहत होते. अशा ठेवी कुंभार आणि तेली यांच्या श्रेणींकडेही ठेवल्या जात, असे नाशिकच्याच दुसऱ्या एका लेखावरून दिसते.

आजच्या संदर्भात

या साखळीत तीन दुवे आहेत : हातचे न राखता दिलेली विद्या, बाजारात ओळख करून देणारा आचार्य आणि भांडवल पुरविणारी संघटना. व्यवसाय जन्माशी घट्ट जखडला गेला, तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांसाठी हे तिन्ही दुवे तुटले. केवळ विद्या असून भागत नाही, याचा दाहक अनुभव खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतला. विदेशातून उच्च अर्थशास्त्र शिकून परतल्यावर त्यांनी मुंबईत शेअर व्यवहारांविषयी सल्ला देणारी पेढी काढली. पण जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि ती बंद करावी लागली. त्यानंतर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यांत शिकण्याचा मार्ग खुला केला. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत आपली कित्येक मुले त्या मार्गाने यंत्रावर उभी राहिली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टँड अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमाती व महिला उद्योजकांसाठी १० लाख ते १ कोटी रुपयांच्या कर्जाची तरतूद झाली. दलित उद्योजकांची ‘डिक्की’ ही संघटना २००५ मध्ये पुण्यात स्थापन झाली. पहिला आणि तिसरा दुवा अशा रीतीने काही प्रमाणात जोडला गेला आहे.

मधला दुवा मात्र कायद्याने जोडता येत नाही. लेथवर हात बसलेल्या मुलाला पहिले काम मिळवून देणे, त्याच्यासाठी चार ठिकाणी शब्द टाकणे, हे ज्यांचा जम बसला आहे अशा आपल्याच वडीलधाऱ्या उद्योजकांचे कर्तव्य होय. सिगालोवाद सुत्ताने ते आचार्याच्या कर्तव्यांत मोजले आहे. बलकाचे नाव आज दोन हजार वर्षांनंतरही वाचता येते आणि त्याबरोबर कण्हाचेही. शिष्य उभा राहिला, म्हणूनच गुरूचे नाव टिकले.