पाईप सैल करून बघण्याचे दिवस

जुन्या डिझेल गाडीचं इंजिन मिसिंग करायला लागलं की नेमका कुठला सिलिंडर रुसलाय हे शोधायला मेकॅनिकला एक पाना पुरायचा. इंजिन चालू ठेवायचं आणि नोझलकडे जाणाऱ्या एकेका पाईपचा नट किंचित सैल करायचा. आवाज बदलला, तर तो सिलिंडर कामावर आहे. काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला. हे तेव्हाही धोक्याचंच होतं, पण चालून जायचं. हात पॅन्टला पुसले की झालं.

आजच्या डिझेल गाडीवर हाच प्रयोग केला तर बोट गमवावं लागू शकतं. धार कातडी भेदून आत शिरते, वर दिसते फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण, आणि आत मांसात डिझेल पसरलेलं असतं. मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारायचं. म्हणजे फवाऱ्याचा दाब आतल्या हवेच्या दाबापेक्षा जास्त हवा. रुडॉल्फ डिझेलने १८९७मध्ये आउग्सबुर्गला जे इंजिन यशस्वी करून दाखवलं, त्यात हे काम वेगळ्या कॉम्प्रेसरची हवा करायची. तिच्याच जोरावर इंधन आत ढकललं जाई. कार्यक्षमता भरली सुमारे २६ टक्के, त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना लाजवणारी. पण कॉम्प्रेसरचं ते धूड मोटारीत कुठे बसवणार? १९१३मध्ये डिझेल इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला, तोवर त्याचं इंजिन कारखान्यांत आणि जहाजांत पोचलं होतं, मोटारीत नव्हे.

वाट मोकळी केली पंपाने. रॉबर्ट बॉशच्या कंपनीने १९२७मध्ये इंजेक्शन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं आणि १९३६मध्ये मर्सिडीज-बेंझची २६० डी ही डिझेल कार आली. या पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा छोटा दट्ट्या होता. फवारणीच्या क्षणी तो दाब तयार करायचा, एका पाईपातून एका नोझलपर्यंत. काम झालं की दाब संपला. म्हणूनच वर सांगितलेली नट सैल करण्याची युक्ती चालायची.

सगळ्या सिलिंडरांना एकदम ग्रासणारा बिघाड तेव्हाही होता: पाईपात हवा शिरणं. शेतावरचं इंजिन असो की ट्रक, टाकी कोरडी पडली की ‘एअर काढणं’ आलंच. डिझेल जवळजवळ दबत नाही, हवा मात्र दबते. एक बुडबुडा पंपाचा सगळा जोर गिळून टाकतो. हातपंप मारत राहायचं, सैल केलेल्या स्क्रूतून आधी फेस येतो, मग सलग धार. धार दिसली की आवळायचं. इथे दाब मोजावा लागत नसे, तो दिसायचा.

दरम्यान दुसरी एक कल्पना मागे पडून राहिली होती. दाब क्षणोक्षणी तयार करण्याऐवजी एका सामायिक नळीत साठवून ठेवायचा, आणि प्रत्येक नोझलने लागेल तेव्हा तिथून घ्यायचा. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश पाणबुड्यांच्या विकर्स इंजिनांत ही रचना होती. अडचण होती ती नोझल हव्या त्या क्षणी, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने उघडण्या-मिटण्याची. ते इलेक्ट्रॉनिक्सशिवाय जमणारं नव्हतं. स्वित्झर्लंडमध्ये रॉबर्ट हूबरने साठच्या दशकात त्यावर काम केलं, जपानमध्ये डेन्सोने १९९५मध्ये हिनोच्या ट्रकमध्ये ते बाजारात आणलं, आणि फियाटच्या मारिओ रिको यांच्यासारख्या इंजिनीअरांनी ते कारच्या मापात बसवलं. फियाटने तंत्र बॉशला विकलं आणि १९९७मध्ये अल्फा रोमिओ १५६ कॉमन रेल घेऊन रस्त्यावर आली. (शोध एकाचा आणि नाव दुसऱ्याचं, हे आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांना नवीन नाही.)

रेलमधला दाब होता १३५० बार. कारच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन बार असतो. मारियाना गर्तेच्या तळाशी समुद्राचा दाब सुमारे ११०० बार. पुढच्या पिढ्या २००० बारच्या पलीकडे गेल्या.

आपल्याकडे हे तंत्र घरोघर पोचलं ते फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनामुळे. ते रांजणगावच्या कारखान्यातही बनायचं, आणि मारुतीच्या स्विफ्टपासून टाटाच्या इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत बसलं. या दाबाला तोंड देणारे सुटे भाग बनवण्याचं एक केंद्र नाशिक. तिथले लोक बॉशच्या कारखान्याला अजून ‘मायको’च म्हणतात.

दाब सामायिक झाला आणि बिघाडही सामायिक झाला. एक इंजेक्टर गळू लागला की चारही सिलिंडरांचा दाब उतरतो. स्कॅनर लावला तर कोड येतो पी००८७: रेलमधला दाब अपेक्षेपेक्षा कमी. इथेच पैसे बुडतात. कोडचा अर्थ ‘पंप गेला’ असा लावून हाय प्रेशर पंप बदलला जातो, तो या साखळीतल्या सगळ्यांत महाग भागांपैकी एक, आणि आठवड्याने घाटात गाडी पुन्हा दम टाकते. कोड फक्त रेलवरच्या सेन्सरचं म्हणणं सांगतो. एरर जिथे छापला जातो तिथेच बग असतो असं मानणाऱ्याला आम्ही नोकरीवर ठेवत नाही.

चांगला मेकॅनिक साखळीचे तुकडे पाडतो, आणि स्वस्त टोकाकडून सुरुवात करतो. स्कॅनरवर मागितलेला दाब आणि मिळालेला दाब शेजारी ठेवतो. नुसतं आयडलिंगला दोन्ही जुळतात, पण चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की मिळालेला मागे पडतो? मग पंपापर्यंत डिझेल पुरेसं पोचतच नसेल. फिल्टर तुंबलाय, टाकीतली जाळी घाणीने भरलीये, की जोडावरून हवा ओढली जातेय? फिल्टरच्या पुढे-मागे कमी दाबाच्या बाजूला पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे दिसतात. तोच जुना फेस.

याउलट गाडी सुरूच होत नसेल, स्टार्टर फिरतोय पण रेलमध्ये दोन-अडीचशे बारही जमत नसतील, तर बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर इंजेक्टर उघडूच देत नाही. पुरवठा नीट असेल तर आता संशय गळतीवर. प्रत्येक इंजेक्टरमधून थोडं डिझेल टाकीकडे परत जातं, ते जायलाच हवं. किती जातं हा प्रश्न आहे. परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन फिरवायचं. परतीच्या बाजूला दाब नगण्य असतो, म्हणून हे हाताने करता येतं. रेलच्या बाजूच्या नटाला मात्र इंजिन चालू असताना हात लावायचा नाही.

बाटल्या साधारण सारख्या भरल्या आणि मापात असल्या, तर मग रेलचा प्रेशर व्हॉल्व्ह, सेन्सरची वायर, आणि अगदी शेवटी पंप. पण पुष्कळदा तीन बाटल्यांच्या तळाशी बोटभर डिझेल असतं आणि चौथी निम्मी भरलेली. मेकॅनिक इंजिन बंद करतो, ती बाटली उजेडात धरून गिऱ्हाइकाला दाखवतो, आणि एकाच इंजेक्टरचा भाव सांगतो.